वाचलेलं राहत का नाही? मेंदूतल्या रिसेप्टरच्या कलानं अभ्यास कसा करायचा

दिंडोरीच्या पुढच्या एका गावातून माझ्याकडे बारावीची एक मुलगी शिकवणीला यायची. सकाळची पहिली एसटी पकडून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरायची आणि तिथून चालत अशोक स्तंभापाशी माझ्या घरी. जूनमध्ये तिनं बायोलॉजीचं पुस्तक माझ्यापुढे उघडलं तेव्हा पानाचा मूळ पांढरा रंग कुठे दिसतच नव्हता. पिवळा, गुलाबी, पोपटी, नुसते पट्टे. "मॅडम, सर्क्युलेशनचा चॅप्टर सहा वेळा वाचलाय. वाचताना सगळं येतं. पेपर हातात आला की काहीच नाही."

मी पुस्तक मिटलं, तिच्यापुढे एक पाठकोरा कागद सरकवला आणि म्हटलं, "हृदय काढ." बाहेरची आकृती छान आली. चार कप्पे आले. मग उजव्या कर्णिकेतून खाली उतरायची वेळ आली आणि पेन थांबलं. इथली झडप कुठली, ट्रायकस्पिड की बायकस्पिड? तिनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि चुकीचं नाव लिहिलं.

ती आळशी नव्हती, मंद तर अजिबातच नव्हती. गेली २६ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना अशी कितीतरी मुलं पाहिली. वाईट वाटतं ते याचं, की ही मुलं स्वतःला 'ढ' समजून बसतात. त्यांची मेहनत खरी असते, पण मेंदूतल्या ज्या जागी ती पोचायला हवी तिथे पोचत नाही. ती जागा कुठली, तिथे काय घडतं आणि त्याप्रमाणे अभ्यासाची रीत कशी बदलायची, ते सांगते.

आधी ती जागा नीट बघू

आपल्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये फट असते, साधारण २० नॅनोमीटरची. निरोप देणारी पेशी या फटीत रसायन सोडते आणि पलीकडच्या पेशीच्या आवरणावर बसलेले रिसेप्टर ते पकडतात. शिकण्याच्या कामात सगळ्यात महत्त्वाचं रसायन म्हणजे ग्लुटामेट. ते पकडणारे दोन रिसेप्टर लक्षात ठेवा, अ‍ॅम्पा आणि एनएमडीए. दोघं शेजारी शेजारी बसतात, पण स्वभाव अगदी वेगळे.

अ‍ॅम्पा साधा. ग्लुटामेट आलं की उघडतो, सोडियम आत घेतो आणि लगेच मिटतो. रोजचं काम तो करतो.

एनएमडीए मात्र नुसत्या ग्लुटामेटला दाद देत नाही. त्याच्या भोकात, मोरीत बोळा कोंबावा तसा, मॅग्नेशियमचा एक आयन अडकलेला असतो. पेशीच्या आत ऋणभार असतो आणि मॅग्नेशियम धनभारित, म्हणून ते आत ओढलं जातं आणि भोकातच अडकून बसतं. हे १९८४ साली उलगडलं. बोळा निघायचा तर पलीकडची पेशी स्वतः आधीच चांगली उत्तेजित झालेली असायला हवी. अ‍ॅम्पातून पुरेसं सोडियम आत आलं, आतला ऋणभार कमी झाला, की मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं. त्या क्षणी ग्लुटामेटही हजर असेल तरच एनएमडीएचं दार उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं.

माझ्या मते अख्ख्या जीवशास्त्रात याच्याइतकी सुंदर गोष्ट क्वचितच असेल. एवढासा एक रेणू दोन अटी एकदम तपासतो. निरोप आला का? आणि घेणारा जागा आहे का? दोन्ही 'हो' असतील तरच पुढचं काम. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये असाच नियम मांडला होता, की एक पेशी दुसरीला वारंवार पेटवण्यात भाग घेत राहिली तर त्या दोघींमधला दुवा पक्का होतो. तेव्हा हा रिसेप्टर कुणाला ठाऊकही नव्हता.

कॅल्शियम आत आलं की ते एका एन्झाइमला कामाला लावतं आणि आवरणावर आणखी अ‍ॅम्पा रिसेप्टर बसवले जातात. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला पेशी जास्त जोरात उत्तर देते. दुवा असा बळकट होतो हे टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ओस्लोत सशाच्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या भागावर, काम करून १९७३ मध्ये दाखवलं. थोडा वेळ झपाझप विद्युत टोचण्या दिल्या आणि पुढे कित्येक तास तो दुवा बळकट राहिला. मग १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी उंदरांना दुधाळ पाण्याच्या हौदात सोडलं. पाण्याखाली दडलेला एक ओटा होता, तो कुठे आहे हे पोहत पोहत शिकायचं. ज्या उंदरांचे एनएमडीए रिसेप्टर औषधानं बंद केले होते त्यांना पोहता येत होतं, पण ओट्याची जागा काही नीट शिकता येईना.

आता एक सावधगिरी. सशाच्या मेंदूतल्या एका दुव्यावरून थेट बारावीच्या वेळापत्रकावर उडी मारायची नसते. म्हणून खालच्या रीती सांगताना जमेल तिथे माणसांवर झालेले प्रयोगही सोबत ठेवते.

पुस्तक मिटून आठवणं

सगळ्यात जास्त फरक यानं पडतो, म्हणून सगळ्यात सविस्तर.

तीन-चार पानं घ्या, त्याहून जास्त नको. एकदा शांतपणे वाचा. हातात हायलायटर घेऊ नका. पुस्तक मिटा आणि ते खोलीत दुसरीकडे नेऊन ठेवा. शेजारी असलं की हात जातोच. मग पाठकोऱ्या कागदावर दहा मिनिटं जे आठवेल ते लिहा. क्रम चुकू दे, वाक्यं तुटकी असू देत, आकृती वाकडी येऊ दे. जिथे अडाल तिथे रिकामा चौकोन काढा आणि पुढे चला. त्या चौकोनापाशी किमान अर्धा मिनिट तरी थांबून आठवायचा प्रयत्न मात्र केलाच पाहिजे. डोकं ताणल्यासारखं वाटेल. तो ताण टाळायचा नाही, त्याच्यासाठीच तर बसलोय. दहा मिनिटांनी पुस्तक आणा आणि लाल पेनानं चौकोन भरा. जे निळ्यानं लिहिलं ते तुमचं, लाल ते उद्याचं काम.

वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळख पटणं म्हणजेच येणं असा आपला गैरसमज होतो. समोर छापलेलं असताना मेंदूला स्वतःहून काही उभं करावंच लागत नाही. आठवताना मात्र त्या पेशींना एकत्र पेट घ्यावा लागतो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांचा निकाल पालकांनी नीट लक्षात घ्यावा. आदल्या रात्री "सगळं येतंय" म्हणणारं मूल खोटं बोलत नसतं. त्याला त्या रात्री खरंच येत असतं.

पहिले दोन आठवडे ही रीत मुलांना आवडत नाही. लाल रंग जास्त दिसतो, मन खट्टू होतं. माझी दिंडोरीची मुलगी तिसऱ्या दिवशी रडवेली झाली होती, "मॅडम, माझं तर वाचूनच बरं होतं." तिला मी पहिल्या दिवसाचा आणि तिसऱ्या दिवसाचा कागद शेजारी ठेवून दाखवला. लाल चौकोन मोजले, सतरा होते ते नऊ झाले होते. तेवढं पुरलं.

आधी अंदाज, मग उत्तर

माझे वडील पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षाचे बागायतदार. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत शाळेतून आले की मी त्यांच्या मागे बागेत. ते काडी हातात धरायचे, कात्री उघडी ठेवायचे आणि कापण्याआधी मला विचारायचे, "बोल बाई, कुठल्या डोळ्यावर?" मी काडीवरच्या एका कोंबावर बोट ठेवायचे. मग ते कापायचे, बहुतेक वेळा दुसऱ्याच डोळ्यावर, आणि कारण सांगायचे. काडीची जाडी, मधली गाठ, गाठीपुढे किती डोळे, सगळं. नुसतं मागे उभं राहून बघितलं असतं तर चार हंगाम लागले असते. मला दोनच लागले.

ते काय करत होते हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या कामात असं दिसलं, की डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरात उत्तर देतात, अपेक्षित बक्षिसाला फारसं देत नाहीत, आणि ठरलेलं बक्षीस आलंच नाही तर दबतात. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्या मोजतात म्हणा ना. हिप्पोकॅम्पसमध्ये डोपामिनचे रिसेप्टर आहेत आणि ताजा दुवा तासांच्या पुढे टिकवायला त्यांची मदत लागते. अंदाजच केला नाही तर फरक कसला मोजणार?

म्हणून धडा उघडण्याआधी मागचे प्रश्न वाचा आणि न वाचलेल्या धड्याची उत्तरं बेधडक लिहा. चुकणारच आहेत. गणितात उदाहरण सोडवण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते कोपऱ्यात टाका. आईवडिलांनी मुलाला उत्तर सांगण्याआधी "तुला काय वाटतं?" विचारावं आणि चुकलं तर ओरडू नये. वडील मला त्या बागेत कधी ओरडले नाहीत.

दिवस टाकून उजळणी

एरिक कँडेल आणि सहकाऱ्यांनी समुद्री गोगलगायीवर काम केलं. तिला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. स्पर्श निरुपद्रवी आहे हे कळलं की हळूहळू ओढेनाशी होते. एका बैठकीत ४० स्पर्श दिले तर हे शिकणं दिवसभर टिकलं. तेच ४० स्पर्श रोज १० याप्रमाणे चार दिवस दिले, तर कित्येक आठवडे टिकलं. स्पर्श तितकेच, फक्त वाटणी वेगळी. स्मृतीवरच्या कामासाठी कँडेल यांना २००० सालचं नोबेल दोघांसोबत विभागून मिळालं.

थोडा वेळ टिकणाऱ्या आठवणीला पेशीत आधीपासून असलेली प्रथिनं पुरतात. दीर्घकाळ टिकायचं तर निरोप केंद्रकापर्यंत जावा लागतो, तिथे जनुकं चालू व्हावी लागतात, नवी प्रथिनं तयार होऊन दुव्यापर्यंत पोचावी लागतात. याला तास लागतात. एका बैठकीत कितीही रेटलं तरी हे काम घाईनं उरकत नाही.

माझ्या वर्गाचं गणित असं: त्याच संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्यानं. दर वेळी पाठकोऱ्या कागदावर, फक्त आठवून. आकडे माझे आहेत, तुम्ही मागेपुढे करा, पण अंतर वाढत जाऊ द्या. ती मुलगी हे एसटीत करायची. कागद नाही, पेन नाही, खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात रक्ताचा अख्खा प्रवास, महाशिरेपासून महाधमनीपर्यंत. अडलं तर तळहातावर एक फुली, उतरल्यावर बघायला.

नवं काहीतरी

अर्जेंटिनातल्या प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना गोष्ट वाचून दाखवली. ज्या मुलांना त्याच्या आधी किंवा नंतर तासाभराच्या आत विज्ञानाचा किंवा संगीताचा एखादा अगदी नवा तास मिळाला, त्यांना गोष्ट जास्त आठवली. चार तासांच्या अंतरानं मिळाला तर फायदा दिसला नाही. नव्या अनुभवानं दुव्याला लागणारी प्रथिनं तयार होतात आणि शेजारची ताजी आठवणही त्यांचा उपयोग करून घेते, असा त्यामागचा विचार आहे.

मी ऑगस्टमध्ये एका रविवारी बोकडाचं हृदय आणलं, धुऊन स्टीलच्या ताटात ठेवलं. मुलं आधी मागे सरली. मग त्या मुलीनं बाह्या वर केल्या, उजव्या कर्णिकेतून तर्जनी खाली घातली आणि थांबली. "मॅडम, तीन लागतायत." तीन पडदे, म्हणजे ट्रायकस्पिड. तिनं बोट तसंच ठेवलं आणि दुसऱ्या हातानं बाकीच्यांना बोलावलं. त्याच बैठकीत, लगेच, आम्ही हृदयाशी काहीही संबंध नसलेला वनस्पतींच्या संप्रेरकांचा रुक्ष तक्ता घेतला. घरी हृदय आणायची गरज नाही. अवघड धड्याच्या आधी किंवा लगेच नंतर काहीतरी खरंच नवं करा. कधी न गेलेल्या गल्लीतून रविवार कारंज्यापर्यंत चालून या, न ऐकलेलं वाद्य ऐका. मोबाइलवरचे व्हिडिओ मी यात धरत नाही, त्यात रोजचंच असतं.

चहा आणि झोप

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या रिसेप्टरवर बसलं की झोप येऊ लागते. कॅफिन त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं. झोप कमी होत नाही, फक्त जाणवत नाही. शरीरातलं कॅफिन अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनला अजून आत असतं. शेवटचा चहा संध्याकाळी पाचच्या आत.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नाही. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी दाखवलं, की दिवसा वाट शोधताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र पेटत होत्या, त्या नंतरच्या झोपेतही एकत्र पेटत होत्या. झोपण्याआधी दिवसभराचे लाल चौकोन एकदा आठवा, दिवा बंद करा, सात-आठ तास झोपा. अभ्यासाच्या नावाखाली मुलांना रात्रभर जागवणाऱ्या पालकांना मी हात जोडून सांगते, असं करू नका.

घरातल्या मोठ्यांसाठी, आणि गोळ्यांबद्दल

माझे सासरे, आप्पा, ७८ वर्षांचे. रोज पहाटे गोदाघाटावर फिरून येणारा माणूस. गेल्या पावसाळ्यात त्यांना नाव आठवेना, गॅस बंद केला का ते आठवेना. वय झालं असं आम्ही धरून चाललो. मग एक दिवस त्यांच्या उशीखाली सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. वाहत्या नाकासाठी एका दुकानातून कुणीतरी सहज दिलेल्या आणि मग महिने न् महिने रोज घेतलेल्या. मागे छापलं होतं, क्लोरफेनिरामिन.

अशा जुन्या, झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या हिस्टामिनचे रिसेप्टर अडवतात, आणि जोडीला अ‍ॅसिटिलकोलिनचेही. नवं काही शिकताना लक्ष आणि स्मृती यांसाठी अ‍ॅसिटिलकोलिन लागतं. अल्झायमरमध्ये दिलं जाणारं डोनेपेझिल नेमकं तेच रसायन टिकवून धरायचा प्रयत्न करतं. म्हणजे एका हातानं जे वाचवायचं ते दुसऱ्या हातानं आम्ही अडवत होतो. डॉक्टरांना पाकीट दाखवलं, त्यांनी गोळी बदलून दिली आणि काही आठवड्यांत आप्पा बरेच ताळ्यावर आले. घरात कुणी अचानक विसरू लागलं तर सगळ्या गोळ्या, साध्या वाटणाऱ्यासुद्धा, पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःच्या मनानं काही बंद मात्र करू नका.

आणि बुद्धी वाढवणाऱ्या गोळ्या, सिरप? माझं मत स्पष्ट आहे, पैसे वाचवा. रिसेप्टर जास्त चाललं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. एनएमडीएतून गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम आत गेलं तर पेशी मरतातही.

पेपरच्या दिवशी

भीतीनं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि हिप्पोकॅम्पसमध्ये त्याचे रिसेप्टर भरपूर आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आदल्या दिवशी शब्द पाठ करायला दिले आणि आठवायच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली, जिचं शरीरात कॉर्टिसोल होतं. त्यांना कमी आठवलं. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, त्या वेळेपुरतं वर येत नव्हतं. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे डोकं कोरं झालं की "सगळं गेलं" म्हणून ती आणखी घाबरत नाहीत.

सरावाचे पेपर घड्याळ लावून, टेबलाशी बसून, परक्या ठिकाणी सोडवा. शेजारच्यांच्या घरीसुद्धा चालेल. हॉलमध्ये अडलं तर श्वास सावकाश सोडा, पेन्सिलीनं रिकामा चौकोन काढा आणि पुढचा प्रश्न घ्या. त्या चौकोनाच्या आसपासचं जे आठवतं ते लिहीत राहिलं की पुष्कळदा मधलं सापडतं.

फेब्रुवारीतल्या पेपरनंतर ती मुलगी थेट माझ्याकडे आली, पायऱ्यांवरच चप्पल काढली आणि प्रश्नपत्रिका उघडून दाखवली. समासात दोन चौकोन होते. एकात नंतर भरलेलं उत्तर होतं. दुसरा तसाच कोरा होता, आणि आत येऊन बसायच्या आधी तिनं माझ्याकडे त्यासाठी पाठकोरा कागद मागितला.